हस्तकलेवर ग्रॅज्युएट कलेक्शन: स्केच बाजूला ठेवा, आधी पन्हा मोजा

प्रश्न थोडक्यात असा: फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला सहा पोशाखांचे कलेक्शन करायचे आहे, विषय पारंपरिक भारतीय हस्तकला. पैठणी, खण, अजरख, चिकनकारी आणि वारली यांतले थोडे थोडे घ्यायचा विचार आहे. मूडबोर्ड आणि सहाही स्केचेस तयार आहेत. नोव्हेंबर लागतोय, ज्युरी (परीक्षकांपुढचे अंतिम सादरीकरण) मेच्या मध्यावर, बजेट बेताचे. कारागिरांकडे केव्हा जायचे आणि काय घेऊन जायचे?

उत्तर: याच पंधरवड्यात जा, आणि स्केचेस घरी ठेवून जा. सोबत टेप, वही, रंगांचे प्रत्यक्ष नमुने आणि भरपूर प्रश्न घ्या. आधी सिल्हूट, म्हणजे पोशाखाचा बाह्य आकार, ठरवून मग त्यात बसणारी हस्तकला शोधायला गेलात, तर बहुतेक वेळा कापड त्या सिल्हूटला नकार देते. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अपुरा पडतो, नक्षी डार्टमध्ये (अंगाला बसवायला शिवलेल्या निमुळत्या चुणीत) कापली जाते, जर इस्त्रीखाली आखडते, नाहीतर मागावरचे काम ज्युरीनंतर हातात येते. उलट कापड कसे तयार होते, किती रुंद येते, धुतल्यावर किती आटते, कुठे कापलेले चालते आणि कुठे नाही हे आधी कळले, की निम्मे डिझाइन तिथेच ठरते. उरलेले निम्मे तुमचे, आणि तेवढे पुरेसे असते.

दुसरी गोष्ट, पाच हस्तकला घेऊ नका. एक मुख्य आणि फार तर एक साहाय्यक. प्रत्येक हस्तकलेची किमान ऑर्डर, लागणारा वेळ आणि चुका होण्याची रीत वेगळी असते. पाच ठिकाणी नमुने करायचे म्हणजे पाच ठिकाणी पहिली चूक करायची आणि ती सुधारायला कुठेच वेळ उरवायचा नाही. ज्युरीलाही ते लगेच दिसते: सहा पोशाखांवर पाच हस्तकला आल्या की प्रत्येक कला ठिगळासारखी बसते.

निवड कशावरून करायची? आवडीवरून करा, पण तीन व्यवहारी प्रश्न विचारून. त्या गावाला किमान दोनदा जाता येईल का? तिथला कारागीर दहा-पंधरा मीटरची लहान ऑर्डर घेतो का? आणि तुम्हाला हवा असलेला कापडाचा स्वभाव, म्हणजे झोळ, कडकपणा किंवा वजन, त्या कापडात मुळात आहे का? वाहता, अंगावरून घरंगळणारा झगा हवा असेल तर घोंगडी निवडून उपयोग नाही. खांद्यावर ताठ उभा राहणारा कोट हवा असेल तर अजरखचे मलमल नको.

तुमच्या यादीतल्या वारलीबद्दल आधीच सांगतो. या चित्रांतला लग्नाचा चौक, ज्यात पालघट देवी असते, तो विधीचा भाग आहे. सवाशिणी तो भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. तो उचलून स्कर्टच्या घेरावर किंवा पॅन्टच्या पायावर छापू नका. शेतीची, नाचाची, तारपा या फुंकवाद्याची चित्रे घ्यायची असतील तर वारली चित्रकाराकडूनच, त्याला मोबदला देऊन, कापडावर काढून घ्या. पण कलेक्शनचा कणा म्हणून मी वारली सुचवणार नाही. कारण त्यात तुम्ही आकृती घ्याल, तंत्र नाही, आणि आकृती उचलणे हा हस्तकलेकडे जाण्याचा सर्वांत उथळ मार्ग आहे. तंत्रातून निघालेल्या वस्त्राची नक्कल सहज करता येत नाही. आकृतीची डिजिटल प्रिंट दुसऱ्या दिवशी बाजारात येते.

आता खण. मर्यादित बजेट आणि महाराष्ट्रातून जाण्यायेण्याची सोय पाहता मुख्य हस्तकला म्हणून माझी पहिली पसंती खणाला. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड हे त्याचे जुने केंद्र. हे कापड चोळीसाठीच विणले जात आले, म्हणून पन्हा लहान, साधारण तीस-बत्तीस इंच, आणि दोन्ही बाजूंना काठ. नक्षी जादा ताण्याने, म्हणजे लांबीच्या दिशेने लावलेल्या जादा उभ्या धाग्यांनी येते. म्हणजे ती कापडाच्या लांबीच्या दिशेने रांगांनी चालते आणि मागच्या बाजूला त्या धाग्यांचे मोकळे तरंग राहतात. या दोन गोष्टींवरून पुढचे बरेच ठरते. कापड आडवे वापरले तर रांगा आडव्या दिसतील आणि काठ घेराला येईल, हे मुद्दाम केले तर सुंदर दिसते. अस्तर टाळता येत नाही, कारण मागचे तरंग अंगठीत, बांगडीत, चेनमध्ये अडकतात.

विकत घेण्याआधी पारख करा. बाजारात यंत्रमागाचे पॉलिएस्टर खण मुबलक आहेत. काठाजवळचा एक धागा ओढून जाळा: पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, रेशमाला जळत्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते, सूत कागदासारखे जळते. हातमागाच्या कापडाच्या किनारीला, कापड ताणून धरणाऱ्या काडीच्या टाचण्यांची बारीक भोके बऱ्याचदा दिसतात.

अरुंद पन्ह्याचा हिशेब कसा बसतो ते एका उदाहरणाने बघू. छाती ३६ इंच, सैलपणा ६ इंच, लांबी ४२ इंच असा सरळ कोट. पन्हा ३० इंच, काठ सोडून वापरता येणारे २८. पाठ अखंड घेतली तर २१ इंच अधिक शिवणीची माया (शिवणीसाठी सोडलेले जादा कापड) दीड इंच, म्हणजे साडेबावीस. बसते. पुढचे दोन भाग प्रत्येकी १२ इंच, शेजारी शेजारी २४. तेही बसतात. खांदा आणि दुमड धरून प्रत्येकी ४५ इंच लांबी, म्हणजे पाठ आणि पुढा मिळून ९०. बाही १७ इंच रुंद आणि २४ लांब; दोन बाह्या शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक ४८ इंच. एकूण १३८ इंच, साडेतीन मीटर. कॉलर, पट्ट्या, खिसे यांना अर्धा मीटर. रांगा जुळवायला वर आठ टक्के. साडेचार मीटर मागवा. हाच कोट ४४ इंच पन्ह्यात तीन मीटरच्या आसपास बसला असता, म्हणून वर्गात शिकलेला अंदाज इथे लावू नका.

आता त्याच कोटाला घेर हवा असेल तर? पाठीचा भाग खाली तीस इंचाचा झाला की पन्ह्यात मावत नाही. आपल्या जुन्या शिवणीने याचे उत्तर आधीच दिलेले आहे: कळ्या, म्हणजे घेरासाठी जोडलेले त्रिकोणी तुकडे, आणि काखेतला चौबगला, म्हणजे तिथे हालचालीसाठी जोडलेला चौकोनी तुकडा. अंगरख्याचा, बाराबंदीचा, जुन्या कुडत्याचा कट नीट पाहा. जवळजवळ सगळे तुकडे आयताकृती किंवा त्रिकोणी, कारण कापड अरुंद होते आणि वाया घालवायचे नव्हते. वरच्या हिशेबात बाह्यांशेजारी ११ इंचांची पट्टी उरते, त्यातून बाजूच्या कळ्या निघतात. फक्त एक सावधगिरी: त्रिकोण उलटसुलट मांडून कापले तर कापड वाचते, पण नक्षीला वर-खाली दिशा असेल तर एक कळी उलटी दिसेल. डार्ट शक्य तितके टाळा, सैलपणा चुण्या किंवा कळ्यांतून काढा. हे आयताकृती कट प्रत्यक्ष बघायला पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि अहमदाबादचे कॅलिको म्युझियम ही दोन ठिकाणे उत्तम. कॅलिकोला आधी नोंदणी करूनच जावे. तिथे नक्षीपेक्षा शिवणी कुठे आहेत ते वहीत काढा.

पैठणी हवीच असेल तर तिला एक-दोन जागाच द्या. येवल्यात किंवा पैठणला हातमागावर विणलेल्या पैठणीची नक्षी स्वतंत्र लहान कांड्यांनी, धागे एकमेकांत अडकवत विणली जाते. त्यामुळे मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते. मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर ते जकार्डचे, म्हणजे नक्षी यंत्रणेने आपोआप उचलणाऱ्या मागाचे, काम समजा. हे तंत्र अतिशय संथ आहे. भरलेल्या पदराला काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो, म्हणून सहा पोशाखांचे कापड हातमागाच्या पैठणीत करायचा विचार सोडून द्या. एक पाठीचे पॅनेल, किंवा एका जोडीचे कफ आणि कॉलर, एवढे नेमके विणून घ्या.

मागावरची ऑर्डर देताना एक गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा माहीत नसते. ताणा एकदा मागावर चढवला की तो अनेक साड्यांच्या लांबीचा असतो. तुमच्या दोन मीटरसाठी कोणी नवा ताणा घालणार नाही. घातला तर सुरुवातीला आणि शेवटी वाया जाणारे सूत, तो भरण्याची मजुरी आणि नव्या टोकांची सांधणी सगळे तुमच्या माथी येते. म्हणून विणकराला असे विचारा: सध्या मागावर कुठल्या रंगाचा ताणा आहे आणि तो संपत आला की मला शेवटचे दोन मीटर विणून द्याल का? ताणा त्यांचा, बाणा (आडवा धागा) तुमच्या रंगाचा. निळ्या ताण्यावर लाल बाणा घातला की धूपछाव, म्हणजे हलवले की दोन रंग चमकणारे कापड, मिळते आणि ते कापड त्यांच्या नेहमीच्या मालापेक्षा वेगळे दिसते. कमी खर्चात स्वतःचे कापड मिळवण्याचा इतका चांगला मार्ग दुसरा नाही. पण त्यासाठी तुमच्या रंगसंगतीत लवचीकपणा हवा, आणि म्हणूनच रंग पक्के करण्याआधी गावाला जायचे.

पॅनेल विणून घेताना पॅटर्नचा तुकडा पाठवू नका, आयताची मापे पाठवा: सर्वांत लांब आणि सर्वांत रुंद बिंदू, चारी बाजूंनी तीन इंच जास्त, आणि मोर किंवा असावली (फुलवेलीची नक्षी) कोणत्या काठापासून किती इंचांवर हवी ते. मागावर कापड ताणलेले असते, उतरवल्यावर ते थोडे आखडते. त्यामुळे शिवणीपासून दीड इंचाच्या आत महत्त्वाची नक्षी ठेवू नका. विदर्भाच्या करवतकाठी टसरीचाही (टसर हे रानरेशीम) मोह होईल, आणि ती खरोखर देखणी असते, पण तिथे अंग टसरीचे आणि काठ सुती असतो. दोघांचे आटणे वेगळे, म्हणून ओल्या वाफेची इस्त्री मारली की काठ चुणतो. ते कापड काठ आणि अंग वेगळे करून वापरा किंवा ड्रायक्लीनचेच ठेवा.

साहाय्यक म्हणून अजरख, म्हणजे कच्छची ठशांची छपाई, घेणार असाल तर तिची साखळी समजून घ्या, कारण प्रत्येक कडीत वेळ जातो. कच्छमध्ये धमडका आणि २००१च्या भूकंपानंतर वसलेले अजरखपूर ही खत्री कारागिरांची गावे. आधी कापड एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लेंडीत मुरवून त्यातली खळ काढतात. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. त्यावर चुना आणि डिंकाच्या लगद्याने पांढऱ्या रेषा राखतात. मग लोखंडाचा भंगार आणि गूळ आंबवून केलेले काळे पाणी, चिंचोक्याच्या पिठाने घट्ट करून, ठशाने छापतात. लाल जागांना तुरटी. निळ्याला नको असलेल्या जागा मातीच्या लगद्याने झाकतात, नीळ देतात, धुतात, आणि शेवटी मंजिष्ठा या वनस्पतीच्या किंवा अलिझरिन या लाल रंगद्रव्याच्या पाण्यात उकळतात, तेव्हा तुरटीच्या जागा लाल होतात. मध्ये प्रत्येक वेळी ऊन. कारागिराने पंधरा दिवस सांगितले तर तुम्ही चार आठवडे धरा, कारण तुमच्या आधी रांग असते. पावसाळ्यात आणखी.

इथे काय बिघडते? पहिले, कापड. पॉलिएस्टर मिसळलेले किंवा खळ न निघालेले कापड रंग धरत नाही, डाग डाग येतात. स्वतःचे कापड पाठवायचे असेल तर आधी अर्धा मीटर नमुना पाठवा. दुसरे, आटणे. एवढ्या उकळण्या-धुण्यानंतर कापड कारागिराकडूनच बरेच आटून येते, तरीही कापण्याआधी पुन्हा धुऊन मोजा. तिसरे, निळीचा रंग उतरणे. कोरड्या पांढऱ्या कापडाने दहा वेळा घासून पाहा. निळे पडले तर पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाण्यात धुवा, आणि अशा कापडाला पांढरे अस्तर किंवा शेजारी फिकट रेशीम लावू नका. चौथे, काळे ठिपके. हिरड्यातले टॅनिन लोखंडाला भेटले की काळे होते. दमट हवेत लोखंडी टाचण्या रात्रभर लावून ठेवल्या तर प्रत्येक टाचणीपाशी एक ठिपका मिळेल आणि तो निघणार नाही. गंज न धरणाऱ्या टाचण्या किंवा क्लिप वापरा.

नवे ठसे कोरून घेण्याचा आग्रह धरू नका. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, म्हणजे एका नक्षीला तीन-चार ठसे, कोरणावळ आणि काही आठवडे. छापखान्यात जुन्या ठशांचा मोठा साठा असतो. त्यातला एक निवडा आणि मांडणी बदला: जागा मोकळी सोडा, एकच रंग घ्या, काठाचा ठसा अंगात आणा, दाट पासून विरळ करत न्या. यात कारागिरालाही रस वाटतो, कारण त्याचे कौशल्य वापरले जाते. पॅटर्नची रेघ कापडावर काढून पाठवू नका, उकळताना ती राहत नाही. इथेही आयताचीच मापे द्या आणि वीस टक्के कापड जास्त छापून घ्या.

चिकनकारीबद्दल, म्हणजे लखनौच्या भरतकामाबद्दल, थोडक्यात. कापड पूर्ण न कापता त्यावर तुकड्याची आउटलाइन धावदोऱ्याने घाला, भोवती तीन इंच सोडा, भरतकाम होऊ द्या, धुऊन छापाचा निळा रंग काढा, मग पॅटर्न पुन्हा ठेवून कापा. भरतकाम कापड आत ओढते, त्यामुळे आधी कापलेला तुकडा लहान होतो. जाळीचे काम शिवणीत किंवा डार्टमध्ये येऊ देऊ नका, तिथून कापड विरते. बारीक काम महिने घेते. तुमच्या वेळापत्रकात एका पोशाखाच्या वर ते बसणार नाही.

कारागिरांशी बोलताना सर्वांत जास्त गोंधळ पैशांवरून आणि अपेक्षांवरून होतो. नमुन्याचे पैसे नेहमी द्या, आणि ते नेहमीच्या दरापेक्षा जास्त असणार हे धरून चाला. अर्ध्या मीटरसाठीही रंग तेवढाच उकळावा लागतो. भाव मीटरवर मागा, पण मनात दिवसांवर मोडून बघा. समजा एका पॅनेलला सहा दिवस लागतात आणि सूत-जर धरून पाच हजार सांगितले. साहित्याचे चौदाशे वजा केले तर राहतात ३६००, म्हणजे दिवसाला सहाशे. त्या भागातल्या कुशल गवंड्याच्या रोजीपेक्षा हा आकडा कमी असेल तर घासाघीस करायची जागाच नाही, उलट तुम्हीच वाढवून द्या. निम्मी रक्कम आगाऊ, निम्मी माल हातात आल्यावर, आणि नमुना मान्य झाल्यानंतर तुम्ही बदल केला तर त्याचे वेगळे पैसे. हे सगळे एका पानावर लिहा, दोघांच्या भाषेत, त्यावर रंगाचे प्रत्यक्ष धागे किंवा कापडाचे तुकडे चिकटवा. मोबाइलवरच्या फोटोवरून रंग जुळवायला सांगू नका. तुमच्या आणि त्यांच्या स्क्रीनवर एकच लाल दोन तऱ्हेचा दिसतो.

बोलण्याची रीतही महत्त्वाची. दादा, काका, ताई, भाई जे तिथे चालते ते. घरातल्या बायका कांड्या भरतात, ताणा लावतात, गाठी बांधतात. त्यांच्याशी बोलल्याशिवाय कामाचा खरा वेळ कळत नाही. "उद्यापर्यंत होईल का?" असे विचारलेत तर संकोचापायी हो म्हटले जाईल. "याच्या आधी हातात कुठली कामे आहेत?" असे विचारा, खरी तारीख त्यातून निघते. सण आणि लग्नसराई विचारात घ्या. रमजानच्या महिन्यात खत्री आणि चिकनकारीच्या वस्त्यांत काम मंदावते आणि ईदला थांबते. तो महिना दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, कॅलेंडर बघून ऑर्डर द्या. थेट ओळख नसेल तर केंद्र सरकारची विणकर सेवा केंद्रे मुंबई आणि नागपूरला आहेत, तिथून मागांचे पत्ते आणि तांत्रिक मदत मिळू शकते. कच्छला गेलात तर अजरखपूरचे एलएलडीसी (लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर) हे हस्तकला संग्रहालय आधी बघा, मग छापखान्यात जा.

नाव आणि श्रेय ही शेवटी आठवायची गोष्ट नाही. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९चा, लागू झाला २००३मध्ये. पैठणी, वारली चित्रे, कोल्हापुरी चपला या सगळ्या त्याखाली नोंदलेल्या आहेत. यंत्रमागाच्या किंवा छापील कापडाला कलेक्शनच्या टिपणात पैठणी म्हणणे चूक आहे. कोल्हापुरीचे मानांकन २०१९चे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांचे मिळून. जून २०२५मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला श्रेय न देता दाखवल्या, केवढी टीका झाली आणि मग कंपनीला मूळ मान्य करावे लागले. विद्यार्थ्याने तर हे पहिल्या दिवसापासून नीट करायला हवे. कारागिराला विचारून, त्यांना हवे तसे लिहून, त्यांचे नाव लेबलवर आणि पोर्टफोलिओत द्या. फोटोची परवानगी घ्या. आणि त्यांच्या घरातली जुनी नक्षी स्क्रीन प्रिंटवाल्याला देऊन स्वस्तात छापून घेऊ नका. काही विद्यार्थी वेळ वाचवायला हे करतात, आणि त्यानंतर त्या गावात पुढच्या विद्यार्थ्याला दार उघडत नाही.

नमुने आले की शिवायच्या आधी तपासा. प्रत्येक कापडाचा २० सेंटिमीटरचा चौरस कापा, कडा ओव्हरलॉक करा, मोजा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. १९ आला तर आटणे पाच टक्के. उभ्याआडव्याचे आटणे सहसा वेगळे निघते, दोन्ही नोंदवा. दुसऱ्या तुकड्यावर इस्त्री करून बघा. आजची बरीचशी जर धातूचा मुलामा दिलेल्या पॉलिएस्टरची असते. गरम इस्त्रीखाली ती आखडून सुरकुतते आणि परत सरळ होत नाही. कमी तापमान, वरून सुती कापड, उलट बाजूने. तिसऱ्या तुकड्यावर शिवण घालून दोन्ही हातांनी ताणा. रेशमी हातमागावर धागे शिवणीतून सरकतात आणि भगदाड दिसते. तसे झाले तर त्या कापडात घट्ट बसणारे कपडे करू नका, सैलपणा वाढवा आणि शिवणीच्या आत बारीक रेशमी पट्टी लावा. पातळ रेशमाला ९ किंवा ११ नंबरची नवी सुई, टाका दोन ते अडीच मिलिमीटर. टाचण्या मायेच्या आतच, कारण भोके राहतात.

घोंगडीचा एखादा कोट करायचा मोह आवरत नसेल, आणि थंडीच्या पोशाखासाठी ती खरोखर जबरदस्त आहे, तर तिचे नियम वेगळे. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ, म्हणून ती कडक आणि अंगाला टोचणारी. पूर्ण अस्तर लागते. दुहेरी दुमड करू नका, शिवण दोरीसारखी जाड होते. कडा शेजारी शेजारी ठेवून हाताने सांधा, किंवा विणीचा काठच घेराला ठेवा. सुई १६ नंबरची. धुतल्यावर खळ निघून ती मऊ होते पण घट्टही होते, म्हणून एक धुतलेला आणि एक न धुतलेला नमुना ठेवा आणि कोणता हवा ते ठरवा.

वेळापत्रक असे बसते. नोव्हेंबरमध्ये पहिली भेट आणि निवड. डिसेंबरच्या अखेरपर्यंत नमुने, तपासण्या, अंतिम ऑर्डर. जानेवारी-फेब्रुवारीत कापड तयार होत असताना मांजरपाटात सहाही पोशाखांच्या टॉयल (साध्या कापडात शिवलेल्या कच्च्या प्रती), त्याही खऱ्या पन्ह्याइतक्याच पट्ट्या फाडून. मोठ्या पन्ह्याच्या मांजरपाटात केलेली टॉयल तुम्हाला फसवते, कारण जोड कुठे येणार ते त्यात दिसतच नाही. स्केचेस आता बाहेर काढा आणि कापडाप्रमाणे बदला. मार्चच्या मध्यापर्यंत कापड हातात हवे. एप्रिलअखेर शिवणकाम संपावे, पुढचे दोन आठवडे फिटिंग, हातशिलाई आणि फोटोंसाठी.

पैशांची विभागणी साधारण अशी ठेवा: निम्मे कापड आणि कारागिरीला, पंधरा टक्के नमुन्यांना, पंधरा शिवणाला आणि अस्तर-बटणांना, दहा प्रवास आणि कुरिअरला, दहा राखीव. नमुन्यांचे पैसे वाचवून कापडात घालण्याचा विचार येईलच. तो करू नका, नमुना न केलेले दहा मीटर बिघडले तर सगळेच गेले.

सहाही पोशाख हस्तकलेने भरायची गरज नाही. दोन पोशाखांत ती पूर्ण ताकदीने येऊ द्या, दोघांत एखाद्या भागात, आणि उरलेले दोन साध्या हातमागाच्या सुती कापडात, तोच कट आणि त्याच कळ्या घेऊन. कच्छच्या काला कॉटनसारखे जाडसर कापड त्यासाठी चांगले. त्यामुळे खर्च आवाक्यात राहतो आणि डोळ्यालाही विसावा मिळतो.

मार्चच्या मध्याला कापड आलेच नाही तर काय, हेही आज ठरवून ठेवा. ऑर्डर दोन हप्त्यांत घ्या: पहिल्या तीन पोशाखांचे कापड फेब्रुवारीच्या मध्याला, बाकीचे महिन्याने. पहिला हप्ता उशिरा आला तर दुसऱ्यातली गुंतागुंत तिथेच कमी करता येते. पैठणीचे पॅनेल पोशाखात न शिवता, पाठीवर हुकांनी जोडता येईल असे काढघालीचे ठेवा. ते दोन दिवस आधी आले तरी लागेल, ज्युरीला हातात घेऊन उलटसुलट बघताही येईल, आणि पोशाख जुना झाला तरी ते विणकाम कापले जाणार नाही. ज्युरीपुढे पोशाखांसोबत नमुन्यांची वही ठेवा, आटण्याची मापे, फसलेले रंग, डाग पडलेले तुकडे यांसह, आणि प्रत्येक पानावर ते काम कोणी केले त्यांचे नाव.